सातव्या स्थानावरचा चाबूक

शुक्रवार, ३ एप्रिल, गुड फ्रायडे, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटे. अंतोन मास्तर, ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. ती मी पाहिली, कारण क्रूसाच्या वाटेच्या सातव्या स्थानाला आपण ठरल्यापेक्षा बारा मिनिटे उशिरा पोहोचलो होतो आणि वेळापत्रकाचा कागद माझ्या हातात होता. माझ्यापासून चार पावलांवर येशू झालेला जेसन दुसऱ्यांदा पडला. सैनिक झालेल्या मंगलने चाबूक उगारला. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत तुम्ही दगडी पायरीवर आडवे झाला होतात आणि तुमच्या डाव्या कानातून रक्त येत होते. पुढे तुम्ही नऊ दिवस जगलात.

तुमचा जन्म कुठला, गिरणीत फिटर म्हणून किती वर्षे काढलीत, आपल्या धर्मग्रामात मुलांचा धर्मशिक्षण वर्ग कधीपासून चालवलात, हे सारे फादर अंत्यविधीच्या वेळी बोलले. सगळे अचूक होते आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. मला तुमच्याशी भांडायचे आहे. आपले भांडण अर्ध्यावर असताना तुम्ही गेलात, आणि आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागत आहेत.

सुरुवात फेब्रुवारीपासून करते. दर वर्षी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वर्गातल्या मुलांकडून तुम्ही जिवंत क्रूसाची वाट बसवून घ्यायचात. देवळाच्या आवारात चौदा स्थाने, खांद्यावर खरा लाकडी क्रूस, पिलात, वेरोनिका, सैनिक आणि मागून सारा धर्मग्राम. पात्रे तुम्ही एकट्याने निवडायचात आणि कारण विचारले तर डोके खाजवायचात. या वर्षी तुमच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून वर्ग माझ्या हाती आला. मी लोधिवलीजवळच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी करते. कोणतीही गोष्ट हाती आली की तिच्या जुन्या नोंदी आधी पाहते. सहा वर्षांच्या पात्रयाद्या मी समोर मांडल्या. येशू सहाही वेळा शिळफाटा किंवा खोपोलीतल्या घरचा होता. डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची मुले सहाही वेळा गर्दीत.

“मास्तर, हा पूर्वग्रह आहे.”

“आसंल,” तुम्ही म्हणालात. तुम्ही खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होतात.

“या वेळी चिठ्ठ्या टाकू. मुलगा, मुलगी, वाडी, बाजार, सगळी नावे एका डब्यात.”

“चिठ्ठीला डोळं नसतात गं, ग्रेसी.”

“म्हणूनच तर.”

“बरं. येशूबद्दल तुझं खरं हाय, माझंच चुकलं. घाल चिठ्ठ्या. पण चाबूक कुणाला द्यायचा ते मी सांगंन.”

“चाबूकसुद्धा डब्यात.”

तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवलात. चाबूक वर्गातल्या सर्वांत मऊ मुलाकडे द्यायचा, ही तुमची पद्धत मला ठाऊक होती. ज्याला तो धरतानाच कानकोंडे होते त्याच्याकडे. “ज्याच्या पोटात राग हाय त्याला देऊ नको,” एवढेच तुम्ही म्हणालात. मी विचारले, राग मोजायचा कसा? एकाच माणसाच्या अंदाजावर मुलांची वर्गवारी करायची? तुम्ही खडू पुन्हा उचललात. मला वाटले, मी जिंकले. परदेशातल्या संशोधन-प्रवेशासाठी मी जो अर्ज लिहीत होते, त्यात या चिठ्ठ्यांवर चार ओळी आहेत. ‘समान संधीचा एक छोटा प्रयोग.’ तो अर्ज अजून माझ्या संगणकात आहे. ते वाक्य उघडले की माझ्या हातून काहीतरी फुटावे असे वाटते.

डब्यातून जेसनच्या नावाला येशू आला आणि मंगलच्या नावाला चाबूक.

जेसन कुंभिवलीचा, काकाच्या गॅरेजवर वाढलेला, हसरा, पाठांतरात कच्चा. मंगल वाडीवरची. पंधरा वर्षांची, रविवारी टेंपोने येणारी, सगळ्या प्रार्थना सर्वांच्या आधी तोंडपाठ करणारी. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. जेसन तिला दोन वर्षे ‘तांदूळवाली’ म्हणत होता. तिच्या घराण्याने तांदळाच्या पोत्यासाठी ख्रिस्त घेतला, असा त्याचा अर्थ. तुमच्या कानावर ते एकदाच आले. तुम्ही त्याला कानाला धरून वाडीवर नेलेत आणि मंगलच्या आजीच्या हातची नाचणीची भाकरी खायला बसवलेत. तुमच्यासमोर तो पुन्हा तसे बोलला नाही. माझ्यासमोर बोलला. मी म्हणाले, “जेसन, असे बोलू नये.” वहीत लिहून बरोबरची खूण करावी इतके ते वाक्य निर्दोष होते, आणि तितकेच निरुपयोगी.

चाबकाची दुसरी चूकही माझीच. सुताची दोरी घेऊन तिचे फक्त टोक तुम्ही ऐनवेळी बीटाच्या रसात बुडवायचात. पाठीवर ती नुसती टेकली तरी पांढऱ्या झग्यावर लाल रेघ उमटे आणि मागच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावत. मला तो रंग फिका वाटायचा. मी अख्खी दोरी आदल्या दिवशीच रसात भिजत घातली, म्हणजे रंग तंतूंत मुरेल. मुरला. पण भिजलेली दोरी जड होते आणि तिच्या गाठी दगडासारख्या आवळतात. तालमी आम्ही कोरड्या दोरीवर केल्या होत्या. रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलीच्या हे ध्यानात आले नाही.

सातव्या स्थानावरचा पहिला फटका हलका होता. तालमीतल्यासारखाच. मग क्रूसाखाली पालथ्या पडलेल्या जेसनने मान वळवली. मी चार पावलांवर होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. “जोरात मार की गं, तांदूळ मिळंल.”

दुसऱ्या फटक्याला हवेत आवाज झाला. तिसऱ्याला जेसन ओरडला आणि गर्दी शहारली. माझ्या मागून कोणी बाई हुंदका देत म्हणाली, “अगं बाई, किती खरं करतायत पोरं!” फोन उंच झाले. चौथा. पाचवा. बीटाचा लाल जांभळटाकडे झुकतो, मास्तर, आणि कापडावर पसरताना त्याची कड फिकी पडते. पाचव्या फटक्यानंतर झग्यावर जो लाल आला त्याची कड गडद होती. तो काय आहे हे त्या आवारात सर्वांत आधी मला कळले. आणि मी काय केले? मी हातातल्या कागदाकडे पाहिले. पुढचे स्थान, यरुशलेमच्या स्त्रिया, किती वाजता, ते. सहावा फटका त्या कागदाच्या काळात पडला. मी ओरडून तो थांबवू शकले असते.

मग विल्सन आला. जेसनचा काका, तुमच्याच बाकावर धर्मशिक्षण शिकलेला. गर्दी फाडून तो धावला, एका सैनिक-पोराच्या हातातला भाला त्याने हिसकावला. टोकाला चांदीचा कागद चिकटवलेला भरीव बांबू. तो त्याने दोन्ही हातांनी मंगलच्या डोक्यावर उगारला. तुम्ही सहाव्या स्थानापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतात. त्या गुडघ्यांनी वेदीची तीन पावले चढायला तुम्हाला आधार लागायचा. ते अंतर तुम्ही कसे कापलेत याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बांबू खाली आला तेव्हा त्याच्याखाली मंगल नव्हती, तुम्ही होतात. आवाज ओल्या लाकडासारखा झाला. तुम्ही आधी गुडघ्यांवर आणि मग पायरीवर पडलात.

त्यानंतर जे घडले ते कोणी सांगत नाही. मी सांगते. लोकांनी विल्सनला धरले नाही. लोकांनी मंगलला धरले. येशूसाठी रडलेल्या त्याच बायकांनी तिचे केस ओढले. एकाने तिच्या पोटात लाथ घातली. सैनिकाचे पुठ्ठ्याचे शिरस्त्राण तिच्या डोक्यावर चेपले गेले आणि त्याची कड तिच्या भुवईत घुसली. ती एकदाही किंचाळली नाही. तिच्या मुठीत दोरी तशीच होती आणि ती तुमच्याकडे बघत होती. मी तुमचे डोके मांडीवर घेतले होते, त्यामुळे तिला सोडवायला गेले नाही. हेही सांगते.

शनिवार उजाडेपर्यंत धर्मग्रामाच्या गटावरचे सगळे व्हिडिओ पुसले गेले होते.

पनवेलच्या रुग्णालयात चौथ्या दिवशी तुम्ही बोलू लागलात. हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी पलंगाशेजारी होते. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “पाय घसरला. म्हातारं माणूस. कुनाचा काय दोष नाय.” ते लिहून घेऊन गेले. दार लागले आणि मी तुमच्यावर तुटून पडले. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाशी असे बोलू नये, हे परिचारिकेने येऊन सांगेपर्यंत.

“तुम्ही खोटे बोललात.”

“व्हय.”

“आयुष्यभर आमच्याकडून ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा घोटवून घेतलीत.”

“विल्सनला दोन पोरं हायेत लहान. माझ्या हातचा पोर हाय त्यो. पिलातासारका थंड डोक्यानं हात धुतला असता तर येगळं. त्यो येडा झाला व्हता.”

“आणि मंगल?”

“तिला कोन काय करतंय? मी घसरलो ना.”

माणसे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली दिसायची. हा तुमचा दोष होता आणि त्याच दोषावर आमचे बालपण उभे आहे. त्या क्षणी मात्र मला तुमचा भयंकर राग आला. मी म्हणाले, तुमच्या दयेला दिशा नाही. ती ज्याच्याकडे बांबू आहे त्याच्याकडेच वाहते. मग तुम्ही विचारलेत, “ती पट्टी आठवते तुला?”

आठवत होती. मी दहा वर्षांची होते. तुम्ही अब्राहाम आणि इसहाक शिकवत होतात: देवाच्या आज्ञेवरून बाप मुलावर सुरी उगारतो आणि देवदूत येऊन त्याला थांबवतो. मी उभी राहून विचारले की देवदूताला यायला उशीर झाला असता तर इसहाकाचे काय झाले असते. तुम्ही म्हणालात, बस खाली. मी बसले नाही. म्हणाले, आणि सुरी घसरली असती तर? वर्ग हसला. तुम्ही लाकडी पट्टी माझ्या तळहातावर मारलीत, एकदाच, पण कडकडून. पुढच्या रविवारी सगळ्या वर्गासमोर तुम्ही तीच पट्टी माझ्या हातात दिलीत आणि स्वतःचा तळहात पुढे केलात. “मी रागानं मारलं. ते पाप. आता तू मार, फिटंफाट.” तुम्हाला वाटले असेल, पोर रडेल, पट्टी टाकून देईल, आणि क्षमेचा धडा आपोआप होईल. मी आठवडाभर तो राग जपला होता. मी पट्टी कडेने धरली आणि सगळ्या ताकदीनिशी मारली. तुमच्या अंगठ्याखालची कातडी फाटली. बाकावर रक्त सांडले. मला आनंद झाला, मास्तर. आजवर कोणाला सांगितले नाही, तुम्हाला सांगते. शुद्ध, उष्ण आनंद.

तुम्ही रुमाल गुंडाळलात आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझा प्रश्न लिहिलात: ‘देवदूताला उशीर झाला असता तर?’ खाली चौकट काढलीत. म्हणालात, “ह्याचं उत्तर मला येत नाय. ज्याचं येत नाय ते पुसायचं नाय.” ‘मला येत नाही’ असे म्हणणारा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढे माझ्या हातून जे काही शिकणे झाले, ते सगळे त्या चौकटीतून निघाले आहे. हे तुम्हाला कधीतरी नीट, बसून सांगायचे होते.

रुग्णालयात तुम्ही हात उलटा केलात. अंगठ्याखाली पांढरी रेघ होती.

“तवापासून,” तुम्ही म्हणालात, “रागावलेल्या पोराच्या हातात मी कधी काय दिलं नाय. तुझ्या हातानंच शिकलो ते.”

याद्यांतून मी जी पद्धत खोडली ती माझ्यावरून काढलेली होती. सहा वर्षांचे कागद मी तपासले, पण तुम्हाला ‘का’ हे एकदाही असे विचारले नाही की तुम्हाला उत्तर देता यावे. आणि तुम्हीसुद्धा! फेब्रुवारीत हात उलटा करून ती रेघ दाखवायला तुमचे काय जात होते? मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलात ना? तुमच्या त्या भिडेची किंमत कोणी मोजली, बघा.

रविवारी, १२ तारखेला दुपारी तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी कबरीवरची माती ओली असतानाच गोष्ट बदलू लागली. ‘मास्तर घसरले’ याचे ‘धक्का लागून घसरले’ झाले. बुधवारपर्यंत धक्क्याला नाव मिळाले. तुमच्या खोट्यात एक जागा रिकामी होती आणि विल्सनच्या ऐवजी तिथे जिला बसवणे सोपे होते त्या मंगलला बसवण्यात आले. पोलिसांची गाडी वाडीच्या पायथ्यापर्यंत गेली. दृढीकरणाच्या यादीतून मंगलचे नाव काढावे, अशी मागणी फादरांकडे गेली. गुरुवारी सकाळी तिची आजी माझ्या दारात येऊन उभी राहिली, पायात चप्पल नव्हती. पाणीही घेतले नाही तिने.

“बाय, तू तिथं व्हतीस ना?”

“होते.”

“माझ्या पोरीनं मास्तरला हात लावला का?”

“नाही.”

“मंग ह्ये तू मला कशाला सांगतीस? त्यांना सांग की.”

मी आधी फादरांकडे गेले. वाईट माणूस नाही तो, थकलेला आहे. म्हणाले, “ग्रेसी, मास्तरांचा शेवटचा शब्द पोलिसांकडं लिहिलेला आहे. तो तू खोटा ठरवणार? त्यांनी क्षमा केली गं. त्यांच्या क्षमेवर तू पाय देणार?”

तुमच्याशी रोज उठून मी हाच वाद घातला आहे. विल्सनला क्षमा करण्याचा अधिकार तुमचा होता. डोके तुमचे फुटले. तो मी काढून घेत नाही. न्यायालयात उभे राहून त्याच्यासाठी दया मागायची वेळ आली तर तुमच्या नावाने मी मागेन, शब्द देते. पण ज्या मुलीसाठी तुम्ही त्या बांबूखाली गेलात, तिच्यावरच तुमचे मरण लादले जात होते, आणि त्यासाठी तुमचाच शब्द वापरला जात होता. तुमचा शब्द की तुमची कृती, यांतले एक मला मोडावे लागणार होते. मी शब्द मोडला. तुम्ही रागावला असाल तर रागवा. पट्टी घेऊन या.

शुक्रवारी मी पोलीस ठाण्यात गेले. विल्सन बाहेरच्या बाकावर होता. कोणीतरी त्याला कळवले असावे. तो उठला, त्याची मूठ आवळली, आणि मला वाटले, आता माझ्यावर. तो म्हणाला, “ग्रेसी, मला झोप येत नाय गं,” आणि स्वतःचे डोके मागच्या भिंतीवर आपटले. दोनदा. तिसऱ्यांदा हवालदाराने त्याला धरले. मी आत गेले.

मी सगळे सांगितले. चिठ्ठ्या, भिजलेली दोरी, जेसनचे वाक्य, मी कागदाकडे पाहिलेले ते काही सेकंद. हवालदार चांगले अक्षर काढत होते. दोरीपाशी त्यांनी मान वर केली. “हे तुमच्या अंगावर येईल, मॅडम. लिहू?” मी म्हणाले, लिहा. सही करण्याआधी मी सांगितले की शेवटी आकडे वेगळे मांडून हवेत. त्यांनी मांडले. मंगलने जेसनला मारलेले फटके: ६. विल्सनने अंतोन मास्तरांना मारलेले फटके: १.

“अजून एक ओळ,” मी म्हणाले. “मंगलने अंतोन मास्तरांना.”

“पन ते तर झालंच नाय म्हणता ना? जे झालं नाय ते कशाला लिवायचं?”

“जागा मोकळी सोडली तर कोणीही भरेल.”

त्यांनी सुस्कारा सोडला, ती ओळ लिहिली आणि पेन माझ्याकडे सरकवले. “आकडा तुमीच घाला.”

मी घातला: ०.